गांगुर्डे सरांची जांभयांची वही

माझ्या आयुष्यातली अकरा वर्षं मी लोकांच्या जांभया मोजल्या. पगारी काम हे नव्हे. पगार मला नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून मिळायचा, आणि ते काम माझ्या स्वभावाला मानवणारं होतं. पुस्तकं जांभया देत नाहीत. जांभया मोजायला मला बसवलं ते आमच्या वनस्पतिशास्त्राच्या दामोदर गांगुर्डे सरांनी.

एके दिवशी ते वाचनालयाच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. दुकानात कापड बघावं तसे.

"तुम्ही फारसं बोलत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"वर्गात, सभेत, कुठं बसलात तर कुणाच्या लक्षात येत नाही."

"नसेल येत."

"उत्तम! रविवारी सकाळी साडेसातला सीबीएस स्टँडवर या. निफाडची गाडी."

माझी स्तुती झाली की आणखी काही, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण मी गेलो. सरांना उत्साह चढला की त्यांच्यासमोर नाही म्हणणं अवघड असे.

त्या दिवशी त्यांनी मला एक लांबट वही दिली. प्रत्येक पानावर त्यांच्या बारीक अक्षरात रकाने पाडलेले: जांभई, खोकला, घड्याळ, चप्पल. मी सगळ्यात मागे बसायचं, आणि कितव्या मिनिटाला कुणी जांभई दिली, कुणी उगाच खोकलं, कुणी घड्याळाकडे पाहिलं ते टिपायचं. सगळ्यात गंभीर रकाना चपलेचा. माणूस वर मान डोलवत असतो, पण खाली त्याचा पाय अंदाजानं चप्पल चाचपायला लागतो. "पाय चपलेकडे गेला की व्याख्यान संपलं," सर म्हणायचे. "मग तुम्ही बोला नाहीतर लावणी म्हणा, सारखंच." लागोपाठ तीन जांभया झाल्या की मी पांढरा रुमाल वर करायचा. रुमाल दिसला की सर अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि दुसऱ्याच बाजूनं शिरायचे. तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "काय शेवटची रांग, निघायचं ना?"

सरांचा विषय होता केवडा. बायका केसांत माळतात तो नव्हे. द्राक्षाच्या पानावर पडणारा रोग. वरून तेल सांडल्यासारखा पिवळा डाग, खाली पांढरी लव, आणि आभाळ आलं की आठवड्यात बाग उघडी. त्यावर त्या काळी बिनचूक औषध एकच, मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं बोर्डो मिश्रण. विषय म्हणाल तर एवढाच. पण हा विषय सर चाळीस तऱ्हेनं सांगू शकत, आणि समोर कोण बसलंय ते बघितल्याशिवाय तोंड उघडत नसत.

व्याख्यानाच्या दिवशी त्यांची स्वारी नवरदेवासारखी असायची. उंच, हडकुळी मूर्ती, इस्त्रीचा बुशशर्ट, आणि बरोबर एखाद्या लहान संसाराएवढं सामान. स्लाइडचं यंत्र, प्लॅस्टिकची बादली, मोरचुदाची आणि चुन्याची पिशवी, दोन पारड्यांचा तराजू, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक विळा. एकदा सीबीएसवर फडक्यातून विळ्याचं टोक डोकावलं आणि हवालदारानं आम्हाला बाजूला घेतलं.

"हे काय आहे?"

"प्रात्यक्षिकाचं साहित्य," सर आनंदानं म्हणाले. "तुम्हाला वेळ आहे?"

हवालदाराला वेळ होता, हे त्याचं दुर्दैव. सात मिनिटांत त्याला केवड्याचा जन्म, प्रसार आणि बंदोबस्त कळला. बंदोबस्त हा शब्द सरांनी मुद्दाम वापरला होता. "आभाळ आलं की तो येणार हे आपल्याला ठाऊक आहे. मग गुन्हा घडायची वाट बघायची, की आधीच नाक्यावर माणूस उभा करायचा?" हवालदार म्हणाला, "आधीच उभा करायचा साहेब." मी वहीत लिहिलं: जांभई नाही, घड्याळ नाही, श्रोता एक. गाडी मात्र चुकली.

महिला मंडळात ते लोणच्यापासून सुरू करायचे. "बरणीत ओला चमचा घातला की काय होतं? तेच पानावर दव राहिलं की होतं." शहरातल्या एका क्लबात त्यांनी आधी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला विचारलं की सूप आणि जेवण यांच्यामध्ये किती वेळ जातो. आचारी म्हणाला, बारा मिनिटं. सर अकरा मिनिटं बोलले. "जेवणाआधी भूक ऐकते, जेवणानंतर झोप ऐकते. माणूस मधल्या वेळातच सापडतो."

गावात गेले की आधी चहाच्या टपरीवर बसायचे, आणि हटकून एक प्रश्न विचारायचे. "मोरचूद कशानं मोजता हो तुमच्याकडं?" कुणी म्हणे डब्यानं, कुणी म्हणे ओंजळीनं. मग सर तो डबा मागवून घेत, तराजूत घालत, आणि त्याचं वजन खिशातल्या डायरीत लिहून ठेवत. दिंडोरीकडच्या एका गावात तर त्यांनी सरपंचांची ओंजळ तोलली होती. मला ते उगाच वाटायचं. स्लाइडमध्ये सगळी वजनं दिलेलीच असत.

आणि शेवटी, सगळीकडे, त्यांचं ते वाक्य. "मी काय बोललो ते सोडा. तुम्ही काय ऐकलं ते सांगा."

हे वाक्य त्यांनी पुण्याच्या एका परिषदेतही सोडलं नाही. मोठे मोठे शास्त्रज्ञ बसलेले, सगळं इंग्रजीत, प्रत्येकाला दहा मिनिटं. सर बादली आणि विळा घेऊन व्यासपीठावर चढले तेव्हा अध्यक्ष दचकले. सरांनी आठ मिनिटांत आपलं संशोधन मांडलं, तीनच स्लाइड दाखवल्या, आणि उरलेल्या दोन मिनिटांत पहिल्या रांगेतल्या एका टायवाल्या गृहस्थांना तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. ते गृहस्थ गोरेमोरे झाले. म्हणाले, "फार छान होतं."

"छान होतं हे ठीक. होतं काय?"

सभागृहात हशा पिकला. चहाच्या वेळी मी घाबरत घाबरत म्हटलं, "सर, इतक्या मोठ्या माणसाला असं..."

"अहो शेवटची रांग, मोठा माणूस मान डोलावतो आणि लहान माणूसही मान डोलावतो. मान डोलावणं फार वाईट. जांभई परवडली. जांभई निदान खोटं बोलत नाही."

त्यांच्या खोलीत जिल्ह्याचा एक नकाशा होता. ज्या गावात व्याख्यान झालं त्या गावावर लाल टाचणी. निफाड, दिंडोरी, चांदवड, सगळीकडे गोवर उठल्यासारखा नकाशा लाल झाला होता. निफाड तालुक्यात मात्र मधोमध एक गाव कोरं होतं. जांभूळटेक. चारी बाजूंनी टाचण्या आणि मध्ये हे टक्कल.

आता वाचनालयात बसणाऱ्याला एक गोष्ट फुकट कळते, ती म्हणजे कोण पुस्तकात खूण म्हणून काय ठेवतो. सरांनी परत केलेल्या एका जाड पुस्तकात मला एक पोस्टकार्ड सापडलं. जांभूळटेकच्या सरपंचांचं, व्याख्यानाचं आमंत्रण. पुढल्या वर्षी दुसऱ्या पुस्तकात दुसरं. जांभूळटेकहूनच आलेलं तिसरं कार्ड सापडलं तेव्हा मात्र मी ते घेऊन त्यांच्या खोलीत गेलो.

त्या कार्डावरचा मजकूर मला पाठ आहे. कुणाकडून तरी लिहवून घेतलेला होता. "चि. दामूस आशीर्वाद. पुन्हा बाग लावली आहे. पहिली छाटणी झाली. चार दिवस आभाळ आहे. येऊन सांग. भाऊ म्हणून नको, मास्तर म्हणून ये. आक्का."

"सर, हे पुस्तकात राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं. ठेवलं होतं."

"तुमच्या बहिणीचं गाव? तिथं व्याख्यान राहिलंय ना अजून?"

"झालंय की. पहिलं व्याख्यान मी तिथंच दिलं."

"मग टाचणी?"

सरांनी नकाशातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "टाचणी पोचलेल्या व्याख्यानाला लावायची असते."

मग त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, एकही उपमा न देता. एम. एस्सी. होऊन नोकरी लागली ते वर्ष. ज्या थोरल्या बहिणीनं दुसऱ्यांच्या बांधावर निंदणी करून त्यांना शिकवलं, तिच्याच गावात व्याख्यान. अंगात कोट. तासभर बोलले. मोरचूद आणि चुना, एकास एक. गावानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आक्कानं घरातला डबा काढला. एक डबा मोरचूद, एक डबा चुना. एकास एक. पण मोरचुदाचे खडे जड आणि विरलेला चुना पिठासारखा हलका. वजनात चुना निम्माही पडला नाही. असं मिश्रण आंबट राहतं आणि पान जाळतं. विळ्याचं पातं बुडवून बघितलं तर आधी कळतं, पण ते कोटातल्या मास्तरांना सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आक्काची वीस गुंठे बाग करपली. तिचं बघून शेजारच्या निवृत्तीआण्णांनी फवारली, त्यांचीही गेली.

"मी धावत गेलो," सर म्हणाले. "ती जळक्या पानांत उभी होती. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, 'तू सांगितलं तसंच केलं रे दामू.' बस, एवढंच. मला समजवत होती. तिला वाटत होतं, आपलंच काही चुकलं."

त्यानंतर दर भाऊबीजेला ते जात, ओवाळून घेत. बागेच्या जागी लावलेल्या कांद्याकडे मान वर करून बघत नसत. चुकलं कुठं हे त्यांना महिन्याभरात कळलं होतं. ते तिला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. आता तिनं पुन्हा बाग लावली होती, आणि वर आभाळ होतं.

"साडेसातची गाडी ना?" मी विचारलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात धाडसी वाक्य.

जांभूळटेकच्या शाळेच्या पटांगणात दीडएकशे माणसं जमली होती. आक्का पहिल्या रांगेत, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. मी मागे, वही उघडून. आणि सर, ज्यांनी पुण्याचे शास्त्रज्ञ हसवले, ते त्या दिवशी पुस्तकासारखे बोलायला लागले. "सदर रोगाचा प्रादुर्भाव..." माझं पेन चालू झालं. चौथ्या मिनिटाला पहिली जांभई. सहाव्याला दोन. नवव्या मिनिटाला निवृत्तीआण्णांचा उजवा पाय चपलेकडे निघाला. मी रुमाल वर केला. सरांनी बघितलं, पण थांबले नाहीत. मी रुमाल हलवला. मग उभा राहून हलवला. रेल्वेच्या गार्डासारखा.

"मास्तर," निवृत्तीआण्णा मोठ्यानं म्हणाले, "तो मागचा माणूस शरण आलाय का?"

पटांगण हसलं. सर थांबले. आणि आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "दामू, उभं राहून बोलू नको. खाली बस आन् करून दाखव. मला बोलण्यातलं कळत नाय, हातातलं कळतं."

सर खाली बसले, तिच्यासमोर, मातीत, मांडी घालून. त्यांनी बादली पुढे ओढली. मग हळूच विचारलं, "आक्का, मोजायला काय हाय तुझ्याकडं?"

तिनं पदराखालून डबा काढला. वनस्पती तुपाचा जुना डबा, कडेला पोचा आलेला. तोच. सरांनी तो दोन्ही हातांत घेतला. मग त्यांनी तो मोरचुदानं काठोकाठ भरून एका पारड्यात ओतला. तोच डबा चुन्यानं भरून दुसऱ्या पारड्यात ओतला. तराजू उचलला.

मोरचुदाचं पारडं धाडकन खाली गेलं.

मागची माणसं उठून पुढे आली. "आरं, डबा तर एकच व्हता!" कुणीतरी ओरडलं. "पुन्हा कर, पुन्हा कर!" एकानं स्वतः करून बघितलं. दुसऱ्यानं तराजूच खोटा असल्याचा आरोप केला. मग पारडी अदलाबदल करून परत तोललं. गोंधळ, धूळ, निळे हात, पांढरी बोटं. वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्यांच्या चपला मागे पडल्या होत्या आणि सगळे अनवाणी बादलीभोवती होते.

"मी त्या वेळी एकास एक म्हणालो," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "डब्यानं की वजनानं ते बोललो नाही. आक्काचं चुकलं नव्हतं. आण्णा, तुमचंही नाही. चूक माझी."

निवृत्तीआण्णांनी टोपी काढून परत घातली. "हे सांगायला लय वरसं लावली मास्तर."

"आपण तरी इचारलं का?" आक्का त्यांच्यावर कडाडली. "मान डोलवून घरी गेलो ना सगळे? माझ्या भावाला बोलू नका."

मग सरांनी फडक्यातून विळा काढला. डब्यानं मोजलेलं दोन्ही वेगवेगळं भिजवून बादलीत एकत्र केलं, त्यात पातं बुडवून वर काढलं, तर त्यावर तांबूस थर. "हे बाग जाळणार." चुना वाढवला, पातं घासलं, पुन्हा बुडवलं. आता पातं कोरं करकरीत. "हे चालेल." लोक आपापले विळे आणायला घरी पळाले. अर्ध्या तासात त्या बादलीत पंधरा विळे न्हाऊन निघाले.

शेवटी सरांनी घसा साफ केला. "मी काय बोललो ते सोडा..." ते आक्काकडे बघत राहिले.

ती उठली. पदर खोचला. "ऐका. आभाळ आलं की फवारायचं, डाग दिसायची वाट बघायची नाय. मोरचूद येगळा भिजवायचा, चुना येगळा, लोखंडाच्या भांड्यात नाय. एकास एक, पन वजनानं, डब्यानं नाय. मंग इळा बुडवायचा. लाल झाला तर चुना घालायचा." ती थांबली. "बरोबर का रे?"

सरांना नुसती मान डोलावता आली. ज्या गोष्टीवर त्यांचा आयुष्यभर राग होता, तीच.

परतीच्या गाडीत त्यांनी नेहमीसारखी वही मागितली नाही. सोमवारी सकाळी नकाशात जांभूळटेकवर टाचणी होती. त्या हंगामात आक्काकडून वाचनालयात द्राक्षांची एक पाटी आली, बरोबर निरोप, "मागं बसनाऱ्याला."

त्यानंतर सर दर रविवारी जांभूळटेकला जाऊ लागले. मला वाटायचं, बहिणीच्या हातचं जेवायला. ते खरं तर पुढचं प्रत्येक व्याख्यान आधी तिच्या ओट्यावर द्यायचे, परिषदेचंसुद्धा. तिला कळलं तरच बाहेर काढायचे. घरी त्यांना ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी श्रोते मोजत होतो. वक्त्याकडे कोण बघतो?

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. मी सवयीनं शेवटच्या रांगेत बसलो, आणि सवयीनंच वही उघडली. प्राचार्य चाळीस मिनिटं बोलले: जांभया एकोणीस, घड्याळ अगणित. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सरांना दोनदा रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हटलं. खाली पाय चपला शोधत होते. सरांना ही सभा सहन झाली नसती.

मग आक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकपाशी गेली नाही. पहिल्या रांगेत उभी राहून मागे वळली.

"मला भाषण येत नाय. तुम्ही सगळे लय चांगलं बोलले. पन दामू असता तर त्यानं इचारलं असतं, म्हणून इचारते. तो बोलला ते सोडा. तुम्ही त्याच्याकडून काय ऐकलं, ते सांगा."

सगळे खाली बघायला लागले. काही माना डोलल्या. ती वाट बघत उभी राहिली. तिची नजर रांगा ओलांडत मागे मागे येत होती, आणि मला कळलं की ती कुणाला शोधतेय.

मी वही खुर्चीवर ठेवली आणि पुढे गेलो. मी आयुष्यात कधी सभेत बोललो नव्हतो. मी सांगितलं की समोरच्याला कळलं नाही तर ती त्याची चूक नसते. सांगितलं की कुणाच्याही घरी जाऊन आधी त्याचा डबा बघावा. जांभूळटेकच्या तराजूचं सांगितलं, आणि एका भावाला एक वाक्य बहिणीपर्यंत पोचवायला किती गावं फिरावी लागली, तेही. किती वेळ बोललो ठाऊक नाही.

"बरोबर," आक्का म्हणाली, आणि खाली बसली.

माझ्या बोलण्यात कुणी जांभई दिली का, कुणाचा पाय चपलेकडे गेला का, हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या रांगेत मोजायला कुणी नव्हतं.